बाहेरून न उघडणारं दार

६ जानेवारी, सोमवार

आज मी स्वतः दाराआड बसले. सगळ्या कड्या आतून लावल्या आणि बाहेर उभ्या कडुबामामांना म्हटलं – समुद्री चाचे आलेत असं समजा आणि उघडा. मोजून दीड मिनिट लागलं त्यांना!

आमचा वाळूजचा कारखाना वीस वर्षं पतसंस्थांच्या तिजोरीखोल्यांची दारं करतोय. जहाजाची ऑर्डर पहिलीच. चाचे जहाजावर चढले की खलाशांनी खालच्या एका खोलीत शिरायचं, आतून बंद करायचं, नौदल येईपर्यंत बसायचं. त्या खोलीचं हे दार. आणि मामांनी सवयीनं त्याला बाहेरून चौकोनी भोक ठेवलेलं. पाना घालून फिरवला की आतल्या कड्या सरकतात. ड्रॉइंगमध्ये ते नाहीच.

"आवं ताई, तिजोरीला ठिवावंच लागतं. मानूस आत अडकला तर?" मामा म्हणाले. चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस, त्याला काय बोलणार? अशी चार दारं मुंबईला गेली. तपासणीवर सही माझी. भोक दिसलं होतं मला. नेहमीचंच म्हणून सोडलं. लाज वाटते.

७ जानेवारी

मालकांना सांगितलं. शिवराजसाहेब हसले. "कोण बघतंय ते भोक? चाचे काय पाना घेऊन फिरतात?"

"फिरतात. त्यांच्या बोटीलाही इंजिन असतं, साहेब."

मग हसणं थांबलं. "ऑर्डर गेली तर घरी बसावं लागंल, सुलेखा. तुलाबी अन् मलाबी."

बसेन. दुपारी जहाज कंपनीला मीच मेल केला. खाली नाव माझं, चूक माझी, असं स्पष्ट लिहिलं. आणि लगेच पाठवला.

९ जानेवारी

तीन दारं गोदामातच आहेत, परत येतायत. चौथं बसवून झालं, जहाज एडनच्या वाटेवर आहे. बावीस माणसं. जेवण गेलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

कंपनीनं जहाजावरच्या फिटरशी फोन जोडून दिला. प्रणय नाव, नागभीडचा. मी भोकाचं माप सांगितलं, त्यावर वेल्ड करायच्या प्लेटची जाडी सांगितली. मामांना राहवेना, त्यांनी फोन घेतला. "नुसते टाके मारू नगंस, लेका. चारी बाजूनं भर. घाई नाय करायची."

"व्हय मामा," प्रणय त्यांचीच नक्कल करत म्हणाला. मामा खूश.

संध्याकाळी फोटो आला. जोड असा सुबक की मामांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून करून अख्ख्या शेडला दाखवला. मी आज पोटभर जेवले.

१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला गेले नाही. परत आलेली दारं दुरुस्त झाली, प्रत्येकाच्या आत अर्धा तास बसले. बाहेर दोघं घण घालत होते. कान अजून बधिर आहेत. यापुढं आत बसल्याशिवाय सही नाही. कोणी काहीही म्हणो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

त्याच जहाजावर चाचे चढले होते! कंपनीचा दोन ओळींचा मेल – दार टिकलं, आतले सगळे सुखरूप, नौदल पोचलं. शिवराजसाहेबांनी पेढे वाटले. पहिला मला दिला, म्हणाले, "तू ऐकलं नाहीस ते बरं झालं." मामा दाराशी जाऊन डोळे पुसत होते. मी तर सरळ रडलेच.

१३ फेब्रुवारी

पूर्ण अहवाल आला. आत एकवीस होते. प्रणय इंजिन बंद करायला मागं थांबला होता. बाहेरच्या कॅमेऱ्यात दिसतंय – तो पोचला तेव्हा दार लागलेलं. पाना त्याच्या हातात होता. त्यानं दार बडवलं, हाका मारल्या, पण आतल्यांना फक्त ठोके ऐकू आले. चाचेच असतील म्हणून कोणी उघडलं नाही. चाचे जाताना त्याला बोटीतून घेऊन गेले. अजून शोध लागलेला नाही.

मामांना मी सांगितलेलं नाही.