पट्टीवालीचा पेपर

३ मार्च, मंगळवार

माझा निळा कप फोडला! हात कोरडे, कप कोरडा, हँडल शाबूत — आणि सूनबाईच्या हातून सटकला. म्हणे, "निसटला हो आई." निसटला! कपाला काय पाय फुटले होते? लोणी फासलेले हात घेऊन जन्माला आलीय. लक्ष सगळं त्या ग्रंथालयात.

हे लिहिणं माझ्या हौसेचं नाही. पट्टीवालीचा हुकूम आहे. पट्टीवाली म्हणजे दवाखान्यात व्यायाम शिकवते ती. आम्हा शिवणाऱ्या बायकांच्या मनगटांना पट्ट्या बांधत कारखानाभर फिरली, तेव्हापासून हेच नाव. "आजी, रोज चार ओळी लिहा. बोटं चालती राहतील." आयुष्य शिवणयंत्रावर गेलं, अंगठ्याखालचं मांस पार बसलं. सुई हातात आहे की नाही ते बघून कळतं. शाळा चार यत्ता. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. मी माझी लिहिणार.

५ मार्च

शेजारीण म्हणते, तुमची सून पुस्तकं देते ना? पुस्तकं कोणीही देईल. हिचं काम निराळं.

शिकलेली माणसं काहीबाही शोधून काढतात आणि लिहितात. त्याला पेपर म्हणायचं. ते पेपर छापायला जर्नलं असतात, पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवलेली. बऱ्याचशांना कुलूप — पैसे भरा, मग वाचा. काहींना कुलूपच नाही, जगात कोणीही उघडावं, फुकट. त्याला ओपन ॲक्सेस म्हणतात. सूनबाई माणसाचा पेपर वाचते आणि सांगते, बाबा रे, बिनकुलपातलं हे जर्नल तुला साजेल, ते साजणार नाही, आणि त्या तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस, चोर आहेत.

मी म्हटलं, म्हणजे स्थळं बघतेस.

म्हणाली, "तसंच. फक्त इथे नकार आला तर कारण लेखी देतात."

ही सोय आमच्या वेळी असती तर!

७ मार्च, शनिवार

पट्टीवाली घरी आली, नाचतच. आमच्या हातांवर पेपर लिहिलाय तिने. टेबल बुटकं असलं की मनगट मुडपतं, आतली नस दाबली जाते, टेबल उंच केलं आणि मधे मधे हात सोडवला की फरक पडतो — असं सगळं मोजून. कारखान्याचा मालक वर्षाखेरीस नवी टेबलं घेणार आहे. त्याने सांगितलंय, "माझ्या डॉक्टरला पटेल असं छापील दाखवा, नाहीतर जुन्याच मापाची येतील." आली की पुढची वीस वर्षं तीच. माझ्यामागून लागलेल्या पोरींचे हातही माझ्यासारखेच होणार.

तर ही म्हणते, "ताई, एका जर्नलने स्वीकारला पण! त्यांनीच पत्र लिहून मागवला. थोर संशोधिका म्हणाले मला!"

सूनबाईचा चेहरा बघितला मी. चहा तसाच खाली ठेवला तिने.

"वाचला कोणी तुमचा पेपर?"

"संपादकांनी."

"काय काय बदलायला सांगितलं?"

"काही नाही."

"एक शब्दही नाही?"

"...नाही. दुसऱ्या दिवशी होकारच आला."

मी मटार सोलत होते. म्हटलं, मुलगी न बघता होकार? काळंबेरं आहे त्या घरात.

"आई, मी तिथेच येत होते," सूनबाई म्हणाली. म्हटलं, ये मग लवकर, मटार संपत आले.

तिने त्या जर्नलचे जुने अंक उघडून दाखवले. नाव हाडांचं. आत एक पेपर माशांवर, पुढचा सिमेंटवर, त्याच्या पुढचा दातांवर. पट्टीवालीचा रंग उडाला. पी हळद अन् हो गोरी — असं कुठे असतं का?

तिथे एकदा छापला की संपलं. कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि दुसरीकडे छापताही येणार नाही. एक पेपर एकदाच.

एक गोष्ट लिहून ठेवते, सूनबाईला सांगणार नाही. मी असते तर पट्टीवालीला सोलून काढली असती. ही म्हणाली, "अहो, ती पत्रं मलाही येतात. थोर संशोधिका म्हणून. मी तर घरातला चष्मासुद्धा शोधू शकत नाही."

पट्टीवाली रडता रडता हसली.

८ मार्च

बरणीचं झाकण उघडेना सूनबाईला. एवढी शिकलेली! शेवटी चिरंजीवांनी उघडलं, आणि किल्ला सर केल्यासारखा चेहरा करून फिरले दिवसभर.

११ मार्च

ही कशी काम करते ते बघण्यासारखं आहे. त्या चोर जर्नलवर संपादक म्हणून एका शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांचं नाव. हिने त्यांचा खरा पत्ता शोधला आणि सरळ विचारलं, तुम्ही यांचे संपादक का? उत्तर आलं — "मी या जर्नलचं नावही ऐकलेलं नाही. माझा फोटो त्यांना कोणी दिला?"

फोटोसकट! जिवंत माणूस चोरला मेल्यांनी.

१४ मार्च

चोर पेपर सोडत नाहीत. सोडायचेही पैसे मागतात. आणि तो तिथून सुटल्याशिवाय दुसरीकडे पाठवायचा नाही, हा ह्यांच्यातला नियम. एका वेळी एकच दार ठोठावायचं. पट्टीवाली म्हणाली, "गुपचूप पाठवू या ना दुसरीकडे. कोणाला कळतंय?" सूनबाई म्हणाली, "मला कळतंय."

एवढंच. आवाज चढवला नाही.

घरी मीठ जास्त झालं तर माझ्यासमोर चळचळ कापते ही बाई. तिथे कशी पहारीसारखी उभी!

१७ मार्च

सकाळी बसची वेळ झाली आणि हिला कोटाची बटणं लागेनात. वर हात झटकतेय. मी म्हटलं, माशा हाकलतेस का? ऑफिसात खुर्चीवर बसायचं आणि हात आमच्यासारखे झटकायचे! यंत्र चालवलं असतंस तर कळलं असतं. बटणं तशीच उघडी टाकून गेली.

२ एप्रिल

सुटला पेपर! त्या फोटोवाल्या डॉक्टरांकडूनच सूनबाईने चोरांना पत्र लिहवलं. माझं नाव वापरलंत, वकील येईल. दोन दिवसांत पेपर काढून टाकला, आणि तसं लेखी दिलं. काट्याने काटा. मी जेवताना म्हटलं, बरं केलंस. चिरंजीवांचा घास हातात राहिला. त्यांना वाटलं मी आजारी आहे.

४ एप्रिल, शनिवार

आता खरं स्थळ. पट्टीवालीला मोठं नाव हवं होतं. एका जर्नलचं नाव घेतलं तर डोळे लकाकले तिचे. सूनबाईने एकच विचारलं, "तुमचा पेपर कोणाच्या हातात पडायला हवा?"

"कारखान्याच्या डॉक्टरांच्या. आणि जमलं तर ह्या आजींच्या."

"मग त्या जर्नलचं कुलूप कोण उघडणार? डॉक्टर? आजी?"

पट्टीवालीने मोठ्या नावाचा नाद सोडला. माझं नाव असं मधे घेतलेलं मला आवडत नाही, पण आज चाललं.

मग दुपारभर दोघी बसल्या. सूनबाई नुसती नावं वाचत नाही. मागचे अंक उघडते, कोण कशावर लिहितं बघते, तपासणारे खरेच आहेत का, पेपर पुढे जपून ठेवणार का, लिहिणाऱ्याकडून पैसे घेतात का. एक जर्नल फार आवडलं होतं तिला, पण त्यांच्याकडे सगळं खाणकामगारांच्या छातीवरचं. म्हणाली, "घर चांगलं आहे, पण तुमचं तिथे मन रमणार नाही." शेवटी मिळालं. कामगारांच्या दुखण्यांचंच जर्नल. वाचणाऱ्याकडून पैसे नाहीत, लिहिणाऱ्याकडूनही नाहीत. आणि वर म्हणतात, एक पान साध्या बोलीत लिहा, तुमच्या भाषेत लिहा, ज्यांच्यावर लिहिलंय त्यांना कळू दे.

असं म्हणणारी माणसं आहेत जगात! मला माहीत नव्हतं.

५ एप्रिल

ते साधं पान मला वाचायला लावलं. पट्टीवाली लिहिणार, मी मोठ्याने वाचणार, आणि मी जिथे अडखळेन तिथे सूनबाई पेन्सिलीची खूण करणार. म्हणे, "आई अडखळल्या की चूक आईंची नाही, वाक्याची."

चार यत्ता शिकले, कोणी असं म्हणालं नव्हतं.

'मणिबंधातील चेतातंतूवरील दाब' वर मी चांगलीच आपटले. आता तिथे 'मनगटातली नस चेपते' असं आहे. पट्टीवाली म्हणाली, "आजी, तुम्ही माझा पेपर कापून काढलात." म्हटलं, वाढत्या अंगाचा शिवला होतास, मापात आणला.

२० एप्रिल

पाठवला.

१८ मे

वाट बघणं. सूनबाईचं काम चालूच. आज कोणी माणूस गोगलगायींवर लिहून घेऊन आला होता म्हणे. त्यालाही जागा शोधून दिली. गोगलगायीला घर शोधून देणारी ही पहिलीच असेल.

२६ जून

उत्तर आलं. दोघा तपासनीसांनी पट्टीवालीला उभी आडवी धुतलीय. पानं भरभरून. हे का नाही, ते कुठे आहे, हे कशावरून. फोनवर हुंदके. "ताई, नाकारला!"

सूनबाई शांतपणे सगळं वाचत गेली आणि हसायला लागली. "अहो, हा नकार नाही. ह्यांनी शब्द न् शब्द वाचलाय तुमचा. चोरांनी वाचला होता का असा?"

मला पटलं. जी सासू बोलते तीच लक्ष ठेवून असते. हे मी स्वतःबद्दल म्हणत नाही. पण म्हणायला हरकत नाही.

एका तपासनीसाने विचारलंय — कारखान्यातल्या हिशेब लिहिणाऱ्या बायकांचे हातही मोजलेत ना, ते कुठे गेले? पट्टीवाली म्हणाली, "त्या काय, कॉम्प्युटरवर बसणाऱ्या. मला शिवणाऱ्यांचं लिहायचं होतं." सूनबाई म्हणाली, "तो विचारतोय ते बरोबर आहे. घाला."

तेही लिहायला बसली मग पट्टीवाली. हे दुखणं आमचं, त्यात खुर्चीवाल्यांचं काय काम!

३० जुलै

पट्टीवालीने सगळं सुधारून परस्पर पाठवलं. "ताई, तुम्हाला आता त्रास नाही देत." सूनबाईकडे परीक्षांची गर्दी. चपलेचा बंद चिरंजीवांकडून लावून घेतला आज. लाडावलीय.

१५ सप्टेंबर, मंगळवार

छापला! सूनबाईने ग्रंथालयातूनच मला फोनवर पाठवला — "आई, आला बघा! मी अजून उघडलासुद्धा नाही, दारात रांग आहे. तुम्ही आधी वाचा." मी बोट लावलं. उघडला. ना कुलूप, ना विचारणा, तू कोण, किती शिकलीस.

मालकाच्या डॉक्टरनेही वाचला. पट्टीवालीचा फोन आला होता, टेबलं नव्या मापाची येणार! आवाज फाटलेला. म्हणाली, "आजी, सूनबाईंना सांभाळा हो." म्हटलं, ती मला सांभाळते.

निघून गेलं तोंडातून. आता काय करणार?

१६ सप्टेंबर

ते साध्या बोलीतलं पान आज सबंध, सावकाश वाचलं, चष्मा पुसून. खाली नवी ओळ आहे, मी वाचलेल्या कागदात नव्हती. 'हे केवळ शिवणाऱ्यांचे दुखणे नाही. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या बायकांमध्येही ते आढळले. सकाळी हात झटकावासा वाटणे, बटण न लागणे, झाकण न उघडणे, हातातली वस्तू निसटणे — असे असल्यास वाट पाहू नये.'

परत वाचलं. मग उठून कपाटातल्या त्या निळ्या कपाच्या जागेकडे बघत उभी राहिले.

१७ सप्टेंबर

पट्टीवालीला निरोप धाडलाय — पट्टी घेऊन ये, माझ्यासाठी नाही. काय झालंय विचारलं की सूनबाई म्हणेल, "काही नाही हो, आई उगीच." तिचं ऐकायचं नाही. तिला मी विचारलेलंच नाही. उत्तर पट्टीवालीनेच द्यायचं, तिचा हात हातात धरून, माझ्यासमोर.