भिंतीवरचे अण्णा

रविवार, २ मार्च

ठरलं! मी फिल्म करणार. आता माघार नाही.

दोन वर्षं ऑफिसात डबा खाताना मोबाइलवर चित्रकारांच्या फिल्मा बघते. बायका सिरियलचं बोलतात, मी कुंचल्यांचं. सगळ्या हसतात. हसू देत! वाशीमच्या एका मंडळानं स्पर्धाच ठेवली आहे – 'आपल्या भागातला चित्रकार', दहा मिनिटं, मोबाइलवर काढलेली चालेल. ३१ तारखेपर्यंत द्यायची.

रवीला सांगितलं तर नवरोबा म्हणतात, "आपल्या इकडं कायचे चित्रकार? पाट्या रंगवणारे हायेत फक्त."

अहो, मग पाट्या रंगवणाराच! माझ्या माहेरचे, केनवडचे देवमनकाका. जन्मभर दुकानाच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या. पण विहारातली ती मोठी भिंत, चवदार तळ्याची, तीही त्यांचीच. बाबासाहेब ओंजळीत पाणी घेऊन उभे आणि मागं गर्दी. गर्दीतला एकेक चेहरा केनवडचा! काकांनी गावातल्या माणसांनाच समोर बसवून काढलं. जे वारले होते त्यांना आठवणीनं काढलं.

त्यात तिसरे, वाकून पाणी पिणारे, माझे अण्णा. मी दोन वर्षांची असताना गेले, भिंत पुढच्या वर्षीची. त्यांचा एकही फोटो नाही. आई बोट धरून न्यायची, "हे पाह्य, तुये अण्णा." आता आईही नाही. शाळेचा निकाल लागला की मी आधी त्या भिंतीला जाऊन सांगायचे.

तर फिल्मचा शेवट – अण्णा. पक्कं!

रविवार, ९ मार्च

काय दिवस गेला! रिसोडला गाडी बदलून दहाच्या आत केनवडला. काका नीळ घातलेला पांढरा सदरा घालून तयार. पहिल्याच प्रश्नाला म्हणाले, "मले कायले इचारतं बाई, भिंतीले इचार."

असं वाक्य लिहून मिळतं का कुठं?

मग सुटलेच. बाबासाहेबांच्या कोटाचा निळा सात वेळा बनवला म्हणे. एक गडी समोर बसल्या बसल्या घोरायला लागला, म्हणून त्याचे डोळे भिंतीवरही मिटलेलेच! भागिरथाकाकू मधे मधे काकांना खोटं पाडत होत्या. मी हसून हसून मोबाइल हलवला.

विहारात गेलो. पण अख्खं चित्र मी मुद्दाम घेतलं नाही. सगळ्या फिल्मांतून एवढं तरी शिकले – पूर्ण चित्र शेवटीच दाखवायचं, तोवर बघणाऱ्याला ताटकळत ठेवायचं. म्हणून नुसते तुकडे घेतले. एक घागर, चिखलातला एक पाय, अण्णांची ओंजळ. चेहरा शेवटच्या दिवशी, सकाळच्या उन्हात.

काकांना हे सांगितलं तर सदऱ्याची बटणं चाचपत म्हणाले, "ते राहू दे ना बाई. बाबासायबाचं घे."

काकू म्हणाल्या, "म्हातारा लाजून राह्यला."

बुधवार, १२ मार्च

साहेब बोलत होते, मी मधेच "कट" म्हणाले. गेली अब्रू!

रविवार, १६ मार्च

तुकडे जोडतेय. सहा मिनिटं झाली. रवीनं तीनदा पाहिली, भात करपला तरी उठला नाही. "ह्ये तं खरंच फिल्म झाली वो!" उशिरा का होईना, कळलं!

विहार समितीच्या प्रसेनजितचा फोन आला होता. "ताई, पुढच्या रविवारी बिनधास्त या. सगळी तयारी करून ठेवतो." किती गुणाचा मुलगा!

रविवार, २३ मार्च

चुना. सगळीकडं चुना.

जयंतीला दरवर्षी विहाराची रंगरंगोटी होते. यंदा शूटिंग म्हणून आधीच उरकली. पायरीपासून छतापर्यंत पांढरं. ती भिंतसुद्धा! प्रसेनजित हार घेऊन उभा. "कशी चमकून राह्यली, ताई?"

मी ओरडले. विहारात ओरडले मी. हारवाल्या पोरी मागं सरकल्या. प्रसेनजित रडकुंडीला आला. "मी काकाले इचारलं होतं ताई. चित्राले हात लावू का नको? तेच म्हणाले, मारा चुना, मी पुन्हा काढून देतो."

काकांनी? स्वतः?

काकांकडं गेलेच नाही. पहिली गाडी धरून परत आले. माझ्याजवळ अण्णांची नुसती ओंजळ आहे. एक फोटो घेतला असता तर काय बिघडलं असतं? शहाणी! ताटकळत ठेवणार होती!

सोमवार, २४ मार्च

काकांचे चार फोन. उचलले नाहीत.

गुरुवार, २७ मार्च

ओंजळ पुन्हा पुन्हा लावून बघतेय. रवी चहा ठेवून जातो.

रविवार, ३० मार्च

गेले. भांडायलाच गेले. काका विहारात कोऱ्या भिंतीसमोर बसलेले, शेजारी काकू, पुढ्यात कोळसा. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "ते तुया बापाचं तोंडच नोयतं, बाई."

नजर भिंतीवरच ठेवून सांगत गेले.

"लय आठवलं. तोंड डोयापुढं येयेच ना. मंग माया भावाचं काढलं. तुया मायले माहीत होतं. ती म्हणे, राहू द्या, पोरीले पाह्याले कोणीतरी पाह्यजे. भिंतीवर होतं तोवर ठीक होतं. फिल्ममदी खोटं कसं जाऊ देऊ?"

आई. सगळं माहीत असून बोट धरून न्यायची. मी तिथंच बसून रडले, लहान पोरीसारखी.

काकूंनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि हनुवटी धरून काकांकडं वळवली. "आवो, हिच्याकडं पहा ना. नाक बापाचंच हाये. कपाळ बी. मले तं आठवते."

काकांनी कोळसा उचलला. "हालू नको मंग."

उद्या शेवटची तारीख. जाऊ दे. मोबाइल चालू करून काकूंच्या हातात दिला, आणि बसले.