गळकी रॅक आन वहिनीचे हात

रामसिंगदादा,

ऊसतोडीले जाताना तू बोलला, बाईच्या हाताले जीप झेपत नाही. रीतावहिनी यंदा घरीच राह्यली, तुह्यामांगं वावरात जीप चालवाले शिकली.

काल जीपची चाकं वळवते त्या स्टेरिंगच्या रॅकमधून सारं तेल गळलं, स्टेरिंग दगडावानी जड झालं. तवाच शेजारच्या बेबीले कळा सुटल्या. तांड्यात दुसरी गाडी नाही. कोयत्यानं घट्टे पडलेल्या हातानं वहिनीनं स्टेरिंग वढत मानोऱ्याचा दवाखाना गाठला. वळनावळनावर म्हने, "उसाच्या मोळीपक्षा हलकं हाय." बेबीले पोरगी झाली.

मिस्त्री रॅक पाहून म्हने, "गाडी कोन्या पयलवानानं आनली?"

हे पत्र टाकत नाही. वहिनीले गाडी चालवताना पाहून तुह्यं तोंड कसं होते, ते मले सोताच्या डोयानं पाहाचं हाय. तू येशीन तवा स्टँडवर वहिनीच जीप घेऊन येईन. मुकाट्यानं बाजूच्या शिटवर बसजो.

तुही बहीण,
चंदा