करमाडच्या बैठकीत राहून गेलेलं एक मिनिट

मुकुंदवाडी,
गुरुवार, दुपार

आदरणीय राजकुमारदादा यांना मोतीरामचा सविनय जय भीम.

आपली तब्येत, वहिनींचे गुडघे आणि करमाडची हवा ही तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. यापुढं 'आमच्याकडं सर्व क्षेम' असं लिहायची रीत आहे, पण ते काही मी लिहिणार नाही. दादा, मला असा धक्का बसलाय की अठरा दिवस झाले, घास हातात राहतो आणि मी भिंतीकडं बघत बसतो. फोन का केला नाही म्हणाल, तर माझा फोन तुमच्या बहिणीनं तिच्या कपाटात ठेवलाय. (वाजला की मी सवयीनं 'हॅलो' म्हणतो, आणि मला 'हॅलो' म्हणायला बंदी आहे.)

बंदीचं असं झालं. पस्तीस वर्षं मी बसस्थानकाच्या माइकवर बोललो, हे तुम्ही जाणताच. जालना, अंबड, घनसावंगीकडं जाणाऱ्या निम्म्या प्रवाशांनी माझं तोंड कधी पाहिलं नसेल, पण आवाज ओळखतील. निवृत्त झाल्यावर माइक सुटला, बोलणं सुटलं नाही. घरात गाड्या लागत नाहीत एवढाच फरक. त्यात यंदा जयंतीला मंडळानं चार दिवस माइक माझ्याच हाती दिला आणि पाचव्या दिवशी गळ्यातून नुसती हवा यायला लागली. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठी. साध्या आहेत, घाबरू नका म्हणाले, पण तीन आठवडे तोंड उघडायचं नाही, कुजबुजायचंही नाही, त्यानं उलट ताण पडतो. मी विचारलं, झोपेत बोललो तर? ते म्हणाले, हे तुमचं शेवटचं वाक्य समजा.

पाटी आणि पेन्सिल घेऊन मी घरी आलो. (दहा दिवसांच्या विपश्यनेतून मी दुसऱ्याच दिवशी परत आलो होतो आणि न्यायला तुम्हीच आला होतात, तेव्हा माझे हाल काय झाले असतील ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.) पहिले तीन दिवस मी घरभर पाटी नाचवत फिरलो. शेजारच्या सत्यभामाबाई तर मला बघून हळहळल्या आणि माझ्या बहिरेपणाची बातमी गल्लीभर करून आल्या.

आता चौथ्या दिवसाचं सांगतो. रत्नमालाचा स्वभाव अबोल, हे मी एकतीस वर्षं सगळ्या पाहुण्यांना सांगत आलोय, तिच्यासमोर सांगत आलोय, आणि तिनं एकदाही ते खोडून काढलं नाही. तर ती गवार मोडत बसली होती आणि म्हणाली, "ही गवार लई जून हाय." एरवी यावर मी गवारीचा भाव, पूर्वीची गवार, गवार नेणाऱ्या म्हातारीनं गेवराईच्या गाडीत घातलेला गोंधळ, हे सगळं सांगितलं असतं आणि तासाभरानं विषय संपला असता. त्या दिवशी मी गप्प. ती थांबली. माझ्याकडं बघितलं. मी अजून गप्प. मग ती पुढं बोलायला लागली, आणि दादा, अकराला सुरू झालेली बाई पावणेदोनला थांबली!

मी हादरलो. आपल्या घरात दुसरंच कुणीतरी राहत होतं आणि आपल्याला पत्ता नाही, असं वाटलं. तिला चहात आलं आवडत नाही. (एकतीस वर्षं मी तिला 'आपल्या दोघांना आल्याचा' करायला सांगतोय.) तिला नर्सचा कोर्स करायचा होता, फॉर्मसुद्धा आणला होता. गेवराईच्या गाडीचा माझा किस्सा तिनं चारशे वेळा ऐकलाय आणि त्यातली म्हातारी दर वेळी वेगळ्या गावाला उतरते. आणि ती नकला करते, दादा! माझी केली. हुबेहूब. मला हसायलाही बंदी होती, त्यामुळं डोळ्यांतून पाणी आलं.

इथपर्यंत मजाच होती. सहाव्या दिवशी तिनं करमाडचा विषय काढला.

तुम्हाला आठवत असेल, आम्ही बघायला आलो तेव्हा तुमच्या ओसरीवर सतरंजी होती, पोहे होते, आणि तुमच्या साहेबरावकाकांनी विचारलं होतं, "पोरी, मुलगा पसंत हाय का?" ती खाली बघत राहिली. कुणीतरी म्हणालं, लाजली, लाजली, म्हणजे व्हयच हाय. तुम्ही आत गेलात, पेढे घेऊन बाहेर आलात आणि माझं लग्न ठरलं. ही गोष्ट मी शंभर लग्नांत सांगितलीय, लाजण्याच्या अभिनयासकट.

रत्नमाला म्हणाली, "मी लाजले नव्हते वो. मी इचार करत व्हते. मला एक मिनिट पायजे व्हतं. आन् त्या मिनिटात तुमीच बोलाया लागले, करमाडाला कोनच्या कोनच्या गाड्या थांबतेत म्हनून. तुमचं संपलं तवर पेढे वाटून झाले व्हते. माझं उत्तर ऱ्हाऊनच गेलं."

दादा, हे खरं आहे. मला गाड्यांच्या वेळासुद्धा आठवल्या.

मी घाईघाईनं पाटीवर लिहिलं, 'लग्नात प्रतिज्ञा घेतलीस की!' तिनं वाचलं आणि म्हणाली, "ती लगीन लावनाऱ्या बोधाचार्यांच्या मागं म्हनायची व्हती. मागं म्हनलं म्हंजी आपुन बोललो का?" आणि चष्मा काढून ठेवला. मग मी लिहिलं, 'उत्तर काय होतं?' पाटी तिच्यापुढं धरली. ती म्हणाली, "आता चष्मा नाय," आणि कुकर बघायला गेली. परत येईपर्यंत मीच पुसून टाकलं.

तेव्हापासून माझी झोप उडालीय. तिचं उत्तर 'नाही' असेल तर मी एकतीस वर्षं कुणाच्या घरात राहतोय? ती वाईट वागली असती तर एक वेळ कळलं असतं, पण ती कधी वाईट वागली नाही, याचीच मला आता जास्त भीती वाटते. म्हणून विनंती अशी, की त्या दिवशी आत तुम्ही गेला होतात. ती तुम्हाला काय म्हणाली? काहीच म्हणाली नसेल, तर येत्या रविवारी जालना रोडवरची सकाळची कोणतीही गाडी धरून या आणि तिला सहज विचारा. माझं नाव न घेता.

वहिनींना जय भीम.

आपला,
मोतीराम

ता. क. — तुमच्यापासून काय लपवायचं. डॉक्टरांनी मला सोमवारीच बोलायला परवानगी दिलीय. मी घरी पाटीवर 'अजून आठवडा' असं लिहून दाखवलं. एक तर तिचं बोलणं अजून लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षापर्यंतच आलंय, आणि दुसरं म्हणजे तोंड उघडता येतंय म्हटल्यावर मलाच विचारावं लागेल.

ता. क. २ — हे पत्र वाचून झाल्यावर फाडा.

दादाला रत्नमालाचा जय भीम. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. यांचा फोन माझ्या कपाटात आहे, दवाखान्यातून आवाजाचे व्यायाम त्यावर सोमवारीच आले. मीसुद्धा काही बोलले नाही. तू रविवारी येऊ नको. त्यांनी स्वतःच्या तोंडानं विचारावं आणि विचारून झालं की एक मिनिट गप्प बसावं. उत्तर तेव्हापासून तयार आहे, आणि तू आणलेले पेढे काही वाया गेलेले नाहीत. पण हे त्यांना कळवू नको.