कौल उजवा, कॉम्प्युटर म्हणतो थांबा

१२ नोव्हेंबर
रक्ताचा कॅन्सर! चिपळूणच्या डॉक्टरने सांगितलं आणि वर हसला मेला. "क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. हळू चालणारा आहे काका. आत्ता औषध नको, अधूनमधून रक्त तपासत राहू." म्हणजे कॅन्सर झाला तोही आळशी! जहाजावर स्वयंपाकी म्हणून आयुष्य घालवलं, पण इतका आरामात काम करणारा खलाशी पाहिला नाही.

बायकोला, मालनला, काही पटलं नाही. एसटीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "क्यान्सर हाय नि औषद नाय? असा कंचा डाक्टर?"

१३ नोव्हेंबर
मालनने गुळवेलीचा काढा पाजला. कॅन्सर परवडला!

२१ नोव्हेंबर
मृणालीचा ठाण्याहून फोन. लेक माझी, पण बोलते शाळेतल्या बाईंसारखी. "बाबा, या आजारावर जगभर संशोधन चाललंय. आता नुसत्या गोळ्यांनीसुद्धा उपचार होतात." जर्मनी, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया — नावं घेत सुटली. हँबर्गच्या बंदरात मी पोतं पोतं कांदे सोललेत. आता तिकडचे लोक माझ्यासारख्यांच्या पेशी मोजतायत!

मुद्दा असा, की औषध लवकर सुरू करावं की वाट बघावी, हे माझ्यासारख्यांच्या बाबतीत अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. म्हणून अभ्यास. मुंबईचं एक हॉस्पिटल त्यात आहे. अर्ध्यांना औषध लगेच, अर्ध्यांनी थांबायचं. कोणी काय करायचं हे डॉक्टर नाही, कॉम्प्युटर ठरवणार.

मला आवडलं. एवढे शिकलेले लोक सरळ 'ठाऊक नाही' म्हणतात! नाव द्यायचं ठरवलं. फक्त औषधवाल्यांत नंबर लागू दे.

२ डिसेंबर
मालन हटून बसली. "मशीनला इचारायच्या आदी देवीला इचारूया." गेलो देवळात. केरू गुरवाने देवीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मालन पुढे होऊन मनातल्या मनात गाऱ्हाणं घालायला लागली. ओठ हलतायत, आवाज नाही. केरू म्हणतो, "वयनी, जरा मोठ्यान बोला, मला तरी कळू दे!" हिने लक्षच दिलं नाही.

आणि उजवी पाकळी टपकन पडली! केरूसुद्धा चकित. मालनचा चेहरा असा फुलला, की लग्नातसुद्धा एवढी खूश नव्हती. मी तिथेच ठरवून टाकलं — औषध आपलंच!

१५ डिसेंबर, मुंबई
थांबा!! कॉम्प्युटरने मला थांबणाऱ्यांत टाकलं.

खरं सांगतो, औषध मिळणारच असं धरून आलो होतो. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, "आजोबा, थांबणं म्हणजे सोडून देणं नाही. गरज पडली की औषध मिळणारच." मान हलवली. पण भीती वाटायची ती वाटलीच.

मालन आता भांडणार, म्हणून मी सरसावून बसलो. म्हटलं, सांग त्यांना, देवीने काय कौल दिलाय ते! तर ही म्हणते, "ऱ्हाऊ दे. थांबूया." आणि खाली उतरून दोन वडापाव मजेत खाल्ले. माझ्यातलाही अर्धा.

१७ डिसेंबर
केरूला कळलं. भडकलाच! "देवीच्या कौलावर कौल? त्या कॉम्प्युटरचा बटन दाबनारा कोन हाय, नाव सांगा!" तासभर त्यालाच चहा पाजून शांत करावं लागलं. आजारी मी की हा?

१८ डिसेंबर
मालन अंगणात बांगडे साफ करत होती. म्हटलं, तुझ्या देवीचं चुकलं बघ. मान वर न करता म्हणाली, "चुकंल कशाला? मी औषदाचा इचारलाच नव्हता. मी यांच्या आदी जाईन ना, एवडाच इचारला."

आणि पुढचा बांगडा घेतला.

मला धडकी भरली आहे. उद्या पहिल्या गाडीने चिपळूणला, हिचं रक्त तपासायला. नको म्हणते आहे. ऐकणार नाही!