आईचं यंत्र आणि छपरावरचा शेंदूर

बाबा,

काल रात्रभर आईचं श्वासाचं यंत्र एकदाही बंद न पडता चाललं आणि आज सकाळी बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक होती. ही सलग दुसरी रात्र. आकडा मी स्वतः मीटरवर पाहिला, पण एका साक्षीवर बातमी छापायची नाही ही नोकरीतली जुनी सवय, म्हणून आईलाही विचारलं. ती पलंगावर उठून बसली होती, नाकावरचा मास्क कपाळावर ढकललेला. म्हणाली, "मी झोपले म्हणजे चाललंच की. आता चहा कर." तेव्हा बातमीला दुजोरा मिळाला आहे. उद्या सकाळी आम्ही निघतो.

तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली, त्यामुळे यातलं बरंच तुम्हाला मुळापासून सांगायला हवं. आई आता आमच्याकडे असते, सिंगापुरात, बेडोकच्या फ्लॅटमध्ये. झोपेत तिचा श्वास मध्येच अडकतो. म्हणून रात्री नाकाला एक मास्क लावायचा, त्याला नळी, नळीच्या टोकाला विजेवर चालणारं डब्याएवढं यंत्र, आणि ते रात्रभर हवा ढकलत राहतं. डॉक्टरांनी बजावलं आहे की एकही रात्र यंत्राशिवाय काढायची नाही. आणि आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि तुमच्या जावयाने, या वयात एक खूळ केलं आहे. एक जुना ट्रेलर घेतला. गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर: एक मोठा पलंग, एक बाक, एक शेगडी, तीन खिडक्या. या एवढ्याशा बेटावर असलं घर मागे बांधून फिरणारी माणसं शोधूनही सापडायची नाहीत, आणि ते उभं करायला जागा त्याहून नाही. क्रांजीकडे एका म्हाताऱ्या चिनी गृहस्थांची रोपवाटिका आहे, तिच्या मागच्या कोपऱ्यात त्यांनी जागा दिली. त्यांना आम्ही अंकल म्हणतो, ते आईला आंटी म्हणतात. दोघांचं वय सारखंच असेल.

ट्रेलर आला त्या दिवशी आईने आत जाऊन पलंगावर हात फिरवला, खिडकी उघडून पाहिली, आणि विचारलं, "हा समुद्राच्या अगदी काठाला नेता येतो?" जावई म्हणाले, "येतो, आई. मलेशियात पूर्व किनाऱ्याला मुक्कामाच्या जागा आहेत, वाळूला लागून. पण तिथे वीज नाही. तुम्हाला आपण चांगल्या हॉटेलात ठेवू." तर म्हणते, "हॉटेलच्या खिडकीतून पोहण्याचा तलाव दिसतो, आणि खिडकी उघडत नाही. ह्यांना जन्मभर बोटीवर डोळे उघडले की समुद्र दिसला. मला एकदा तरी तसं उठायचंय." मी म्हटलं, अगं, बेडोकहून समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे. ती म्हणाली, "तो समुद्र कसला? बोटींचं पार्किंग आहे ते." खरंच आहे म्हणा. आमच्या किनाऱ्यावरून नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटींच्या रांगाच दिसतात, आणि त्यांतल्या एखादीच्या इंजिनरूममध्ये कधीकाळी तुम्ही असाल हे तिला माहीत असूनही ती तिकडे पाठ करून बसते.

म्हणून छपरावर सोलर. दिवसभर पॅनेलने बॅटरी भरायची, रात्री बॅटरीने यंत्र चालवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची. तीन रात्रींचा बेत आहे, आणि भरलेली बॅटरी फार तर दोन रात्री पुरते, म्हणजे सगळी मदार दिवसाच्या भरण्यावर. त्यात मुदत लागलेली. नोव्हेंबरात त्या किनाऱ्यावर ईशान्येचा पावसाळा सुरू होतो, समुद्र खवळतो, मुक्कामाच्या जागा मार्चपर्यंत बंद. मी आईला म्हटलं, नाही जमलं तर मार्चमध्ये जाऊ. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस मार्चकडे कसं बघतं ते मला त्या दिवशी कळलं. मुदतीत काम करण्यात माझं सगळं आयुष्य गेलंय, तेव्हा मी ठरवलं की ही मुदत चुकवायची नाही.

काम आम्हीच केलं, शनिवार-रविवारी. जावई आयटीतले, त्यांना प्रत्येक गोष्टीचा आधी आराखडा लागतो. मी तुमची मुलगी, मला आधी पाना लागतो. मी पहिल्या नोकरीला जाताना तुम्ही दिलेला टेस्टर मी खिशात ठेवला होता. बारा व्होल्टवर त्यातला दिवा पेटत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं, तरी काढून ठेवला नाही. वायर छपरातून आत आणायला नव्या ट्रेलरला भोक पाडताना (आमच्यासाठी तो नवाच) ड्रिल हातात घेऊन मी बराच वेळ नुसती उभी होते. शेवटी अंकल खालून त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडले, "वेटिंग फॉर वॉट? होल इज होल लाह!"

वायर ओढताना मला तुम्ही दिसत होतात. बोटीवरून सुट्टीला आलात की चार दिवस झोपायचात आणि पाचव्या दिवशी घरातलं सगळं बिघडलेलं ओट्यावर मांडायचात. इस्त्री, मिक्सर, शेजाऱ्यांचा रेडिओसुद्धा. आईला स्वयंपाकाला जागा उरत नाही, ती पोळ्या जेवणाच्या टेबलावर लाटते आहे. मी सातवी-आठवीत असेन. मिक्सर फिरत नाही म्हणून तुमचा मीटर घेऊन मी आतल्या तारा तपासायला लागते, आणि तुम्ही मागून येऊन मीटर काढून घेता. "आधी डोळे," तुम्ही म्हणता. "मग मीटर. मग पाना. बघ आधी." भांड्याच्या खाली, फिरणाऱ्या भागात, खोबऱ्याचा तुकडा अडकलेला असतो. आवाज चढवला नव्हता तुम्ही, पण मला तो टोला फार लागला होता. बिघाड इतका साधा असावा याचाच राग आला होता बहुधा.

पॅनेल आली तेव्हा दसरा दोन दिवसांवर होता. ती अंकलच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली होती. दसऱ्याला आई ताट घेऊनच आली. हत्यारांची पूजा झाल्याशिवाय छपरावर काही चढणार नाही, म्हणाली. ड्रिल, पाने, तुमचा टेस्टर पाटावर मांडला, झेंडू वाहिला. पॅनेलची पूजा तिने तुमच्या पद्धतीने केली. तुम्हाला आठवतंय, दर दसऱ्याला बोटीवर तुम्ही स्विचबोर्डला शेंदूर लावायचात, तेलात दाट कालवून, म्हणजे समुद्राच्या हवेने जाऊ नये. एका परदेशी कॅप्टनने हे काय म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही त्याला गंजावरचं औषध म्हणून सांगितलं होतं. ही गोष्ट आईने अंकलना सांगितली, मी भाषांतर केलं, ते खूप हसले. मला एका बातमीसाठी फोन आला म्हणून मी बाहेर गेले. परत आले तेव्हा पूजा झाली होती, पॅनेल फडक्यात गुंडाळलेली होती, आणि जावई आणि अंकलची माणसं ती वर चढवायला निघाली होती. वर नेऊन, स्क्रूने बसवून, फडकी काढून घेऊन ती माणसं खाली उतरली, आणि आम्ही सगळ्यांनी जिलबी खाल्ली.

पुढचा आठवडा वाईट गेला. बॅटरी भरेना. जेवढी वीज यायला हवी तिच्या निम्मीही येत नव्हती. आधी ढगांना दोष दिला, ऑक्टोबरात इथे दुपारी ढग असतातच. मग एक दिवस लख्ख ऊन पडलं आणि तरी तोच आकडा. मी सगळे जोड उघडून पुन्हा आवळले. फ्यूज बदलला. वायर जाड घातली. जावयांनी दुकानात फोन केला, तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला की पॅनेल तपासून पाठवलेली आहेत. जावई म्हणाले, "हे बघ, आता दोन आठवडे राहिलेत. पॅनेल परत करू, आणि हॉटेल बघू. मी चांगलं शोधतो, खिडकी उघडणारं." आई बाकावर बसून ऐकत होती. तिने हरकत घेतली नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. वाद घालायची संधी ती सहसा सोडत नाही. त्या दिवशी ती नुसती म्हणाली, "बघा तुम्हाला जमेल तसं," आणि पर्समधून रुमाल काढून घड्या घालत राहिली.

मी मीटर खाली ठेवला आणि शिडी मागितली.

छपरावर दोन पॅनेल, आणि दोन्हींच्या मधोमध एकेक शेंदरी स्वस्तिक. लहानसं नाही, हातभर. चारी बाजूंना पाचही बोटांची ओढ. तेलात कालवलेलं, आठवडाभराच्या सरींनी जराही हललेलं नाही. वर चढवणाऱ्यांना ते दिसलं होतं, पण देवाचं आहे म्हणून कुणी काही बोललं नाही, आणि जावई खालून दोरी धरून उभे होते. तुम्हाला सांगायला नको, पण पॅनेलच्या आतल्या चकत्या फुलांच्या माळेसारख्या एकामागे एक ओवलेल्या असतात. मधल्या काही झाकल्या की त्यांच्या मागच्यांची वाटही अडते. तुमचा शेंदूर होता बाबा, तुमच्याच प्रमाणात कालवलेला. मी छपरावर बसून हसायला लागले. खालून आई विचारते आहे, "काय गं? काय दिसलं?" आणि मला सांगवत नाही.

सांगितल्यावर ती म्हणाली, "दसऱ्याचा शेंदूर पुसतात का कुणी?" जावई म्हणाले, "राहू दे आई, आपण काहीतरी दुसरं बघू." काय झालं ते अंकलना कळलं तेव्हा ते मांडीवर हात मारून म्हणाले, "आंटी! यू ब्लॉक द सन लाह!" आईला तेवढं इंग्रजी कळतं. तिने त्यांच्याकडे रागाने पाहिलं, मग छपराकडे पाहिलं, आणि हळूहळू तिचं स्वतःचंच काहीतरी जुळत गेलं. "ह्यांनी बोटीवर कुठे लावला होता?" ती मला म्हणाली. "खोक्याच्या चौकटीला. पत्र्याला. काटे फिरतात त्या काचेवर नव्हता लावला कधी. मला वाटलं, एवढी मोठी काच, छान दिसेल." पुढे म्हणाली, "पाण्याने जायचा नाही तो. खोबरेल लाव, मऊ फडक्याने काढ, मग साबण. आणि फडकं कचऱ्यात टाकू नकोस, धुऊन ते पाणी झाडाला घाल." दोन्ही पॅनेल साफ करायला मला तासभर लागला. आई खाली उभी राहून प्रत्येक कोपरा विचारत होती. मग तिने सांगितल्याप्रमाणे चौकटीच्या कडेला, ॲल्युमिनियमवर, एकेक टिळा लावला. अंकलनी लाल पाणी एका जास्वंदीला घातलं.

मीटरवरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत दुपटीच्या वर गेला. जावई म्हणाले, "आई, देव पावला." आई म्हणाली, "पावला कसला? बाजूला सरकला." आणि लगेच, "आता हॉटेलबिटेल काही बोलू नका तुम्ही."

त्यानंतर मी कुणाच्या शब्दावर राहिले नाही. सगळं घरच्यासारखं, पण वीज बाहेरून एक थेंब घ्यायची नाही, अशा दोन रात्री आईने आणि मी तिथेच, अंकलच्या परवानगीने, काढल्या. मधला दिवस ढगाळ होता, आणि तोच मला हवा होता. त्या दोन रात्रींचा निकाल वर लिहिलाच आहे. बोटीवर संकटकाळचा वेगळा जनरेटर असतो, तो कधीच लागू नये म्हणून दर आठवड्याला चालवून बघतात, असं तुम्ही सांगायचात. मी सगळ्यांना ठासून सांगते आहे की सूर्य पुरेल. आणि गाडीच्या मागच्या सीटखाली एक भरलेली जादा बॅटरी ठेवली आहे. आईला सांगितलेलं नाही, जावयांनाही नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी आधी आईला वाचून दाखवावं लागलं असतं. उद्या लवकर निघून मलेशियाकडचा पूल ओलांडायचा, दुपारपर्यंत पूर्व किनारा, संध्याकाळी वाळूच्या कडेला ट्रेलर उभा करायचा, पलंगाची खिडकी समुद्राकडे. पलंगाची खिडकीकडची बाजू आईची, माझी आतली, जावई बाकावर. सकाळी सातच्या सुमाराला उजाडेल. ती माझ्याआधी उठेल, नेहमीच उठते, मास्क कपाळावर ढकलेल आणि पडदा सारेल. मी जागी असेन, पण हाक मारणार नाही. झोपेचं सोंग घेऊन, एक डोळा किलकिला ठेवून, समुद्राऐवजी तिच्याकडे बघत पडून राहणार आहे.