नाडीचा पट्टा

रविवार, ४ ऑक्टोबर १९९८. भोकरदन.
आजपासून रोज लिहायचे. शोध लागल्यावर लोक तारखा विचारतात.
नाडीचा पट्टा तयार. रेक्झिनचा पट्टा, आत टेपरेकॉर्डरचा माइक आणि वायरलेस. रोग्याच्या छातीला बांधायचा. माझ्या हातातल्या डब्यावर मिनिटाचे ठोके दिसतात. धावड्याच्या डोंगरात सीताफळे काढताना दर वर्षी माणसे पडतात. मच्छिंद्रचे पथक त्यांना झोळीत घालून खाली आणते. आता झोळी वर असतानाच खाली तब्येत कळेल. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून हे निघाले, हे पुढे नमूद व्हावे.
स्वतःवर चाचणी. दुकानात येरझारा घातल्या. ७४. खुर्चीत बसल्यावर आकडा येत नाही. पण बसलेल्या माणसाला डोंगरावरून आणावे लागत नाही. दोष धरला नाही.

बुधवार, ७ ऑक्टोबर.
मच्छिंद्र दुकानात आला. शाळेत आम्ही एका बाकावर, तरी गावासारखा तोही मला काकाच म्हणतो. पट्टा पाहून म्हणाला, हे कशाला काका, आम्ही माणूस बोलता ठेवतो. त्यांची पद्धत अशी: डोक्याकडचा गडी रोग्याचे मनगट धरतो आणि सारखा विचारत राहतो. माहेर कोणतं, मामाचं गाव कोणतं, मामीला बहिणी किती. उत्तर आले की माणूस ठीक. अशाने विज्ञान पुढे जात नाही, असे सांगितले. म्हणाला, बरं, बांधून तर पाहू.
मित्र असावा तर असा.

रविवार, ११ ऑक्टोबर.
कचरूला झोळीत घालून सराव. पथकात तोच हलका. आकडा ६०, ९०, ११०, असा उड्या मारत होता. कारण सापडले. झोळीवाले चौघे वाटेल तसे चालतात. एका ठेक्यात चालायला लावले. लगेच ७४. शिस्तीचा रोग्याच्या प्रकृतीवर इतका परिणाम होतो, हे अजून कोणी लिहिलेले नाही. मी लिहिणार.

शनिवार, १७ ऑक्टोबर.
खरी केस. तुळजाबाई दरडीवरून पडली. डोक्याला मार. पट्टा बांधला. चौघे ठेक्यात, मी डबा घेऊन मागे. ७६. पुढेही ७६.
अर्ध्या वाटेत मच्छिंद्रने झोळी खाली ठेवली. बाई केदारखेड्याच्या भावांची नावे सांगत होती, ती तिसऱ्या भावावर गप्प झाली म्हणे. मी म्हणालो, ७६ आहे, चला. ऐकले नाही. तिला कुशीवर केले, तोंडात बोटे घालून घशात अडकलेली उलटी काढली. मग तिने चौथा भाऊ सांगितला.
झोळी टेकली तेवढा वेळ डब्यावर शून्य. मच्छिंद्रच्या धसमुसळेपणाने माझी नोंद बिघडली.

रविवार, १८ ऑक्टोबर.
मच्छिंद्र म्हणाला, काका, तुझा पट्टा आमची पावलं मोजून राह्यला. हे तिसऱ्यांदा सांगतो. ती बाई वाटेत गेली असती तरी तुझा आकडा हलला असता का, बिलकुल खरं सांग.
हेव्याला उत्तर नसते.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर.
तालुक्याच्या डॉक्टरांना भेटलो. एक तारखेला पाहायला येतात. पसंत पडले तर मनगट धरणे बंद, सगळीकडे पट्टा. मच्छिंद्रला सांगितले. डबा उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, त्या दिवशी झोळी मीच आणतो.
भरून आले.

रविवार, १ नोव्हेंबर. दुपार.
डोंगराच्या पायथ्याशी डॉक्टर, निम्मे धावडा गाव, मी आणि डबा. वरून कचरूची झोळी निघाली. ७४. ओढ्याच्या वळणाआड झोळी दिसेनाशी झाली, आकडा शून्य. मी म्हणालो, डोंगर आड येतोय. पुन्हा ७४. डॉक्टरांना सांगितले, रोगी उत्तम आहे, घाई नाही.
झोळी खाली आली. आत सीताफळांची गोणी. गोणीला पट्टा, मी शिकवली तशीच गाठ. मागून कचरू पायी आला, सीताफळ खात. म्हणाला, काका, माझी तब्येत कशी हाय?
लोक हसले. डॉक्टरही. मच्छिंद्र हसला नाही. म्हणाला, तीनदा सांगितलं, तू ऐकूनच न्हाई राह्यला. मंग काय करू?
तीस वर्षांची मैत्री. एका गोणीसाठी.

मंगळवार, ३ नोव्हेंबर.
ठराव: मच्छिंद्रशी बोलायचे नाही. दुकानापुढून गेला तरी मान वर करायची नाही. लगेच एकदा वर केली. पण तो दुकानापुढून गेलाच नव्हता.
गोणी आमच्याच घरातली निघाली. तोंड उषाने शिवलेले. तिचा टाका मी ओळखतो. बायकोला जाब विचारला. म्हणाली, अहो, तुळजाबाई माझ्या माहेरची आहे.
म्हणजे घरातूनही.

रविवार, ८ नोव्हेंबर. सकाळ.
कचरू पट्टा ठेवून गेला. सोबत चार सीताफळे. खाल्ली नाहीत. दोन खाल्ली.
पट्टा छातीला बांधून खुर्चीत बसलो. डबा समोर. दहा मिनिटे हललो नाही. शून्य. पट्टा घट्ट केला. शून्य. बॅटरी बदलायला उठलो, चाललो. ७४. बसलो. शून्य.
पट्टाही त्यांनाच सामील.
उषा चहा घेऊन आली. डब्याकडे पाहिले. कप खाली ठेवला, माझे मनगट धरले. मग विचारले, मामाचं गाव कोणतं?
म्हणालो, राजूर.